दापोडीत बांधलेली एक तरी जुनी लालपरी जपून ठेवा: एसटी महामंडळाला खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाचे मा. अध्यक्ष, मा. व्यवस्थापकीय संचालक आणि दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतले सगळे अधिकारी, कामगार यांना,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात राहतो, मूळचा जुन्नर तालुक्यातला. कॉलेजची तीन वर्षं माझं जेवण एसटीने यायचं, त्यामुळे या पत्रात भावनेचा भाग असणारच आहे, पण मागणी अगदी साधी आणि होण्यासारखी आहे. ती आधीच सांगून टाकतो. जुन्या ॲल्युमिनियम बॉडीची, तीन-दोन सीटवाली, दोरीच्या घंटीची एक लाल गाडी आणि एक हिरवी-पांढरी निमआराम एशियाड, अशा दोन गाड्या निर्लेखनाच्या, म्हणजे भंगारात काढायच्या, यादीतून बाहेर काढा, दापोडीत ठेवा, चालू स्थितीत ठेवा. आणि दरवर्षी १ जूनला त्यातली एक पुणे-नगर रस्त्यावर काढा.

हे आत्ता का लिहितोय तर गेल्या उन्हाळ्यात एका भंगाराच्या यार्डात दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो, तिथे एका कोपऱ्यात एशियाडची एक बाजू उभी करून ठेवलेली दिसली. फक्त बाजू, चाकं नाहीत, छत नाही, काचा काढलेल्या. हिरवा रंग उन्हाने पार पांढरट पडलेला पण पत्र्यावरची रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडायच्या खिळ्यांची, ओळ मात्र जशीच्या तशी, खिडक्यांच्या खालून मागच्या बंपरपर्यंत एका रेषेत, दोन रिव्हेटमधलं अंतर सगळीकडे सारखं. मी बोट फिरवत फिरवत शेवटपर्यंत गेलो. तिथला माणूस म्हणाला घ्यायचंय का, ॲल्युमिनियम आहे, किलोवर जातं. गाडीचं आयुष्य संपलं की तिचा लिलाव होतो, हे मला कळतं, त्यात कुणाची चूक नाही. पण एकूण एक गाडी अशी किलोवर गेली तर दहा-पंधरा वर्षांनी पोरांना दाखवायला काय राहणार, फोटोच ना?

ती रिव्हेटची ओळ बघून मला मामा आठवला. मामा दापोडीच्या वर्कशॉपला बॉडीच्या कामावर होता. मी सातवी-आठवीत असताना एका खंडेनवमीला त्याने मला आत नेलं होतं, मशिनांना झेंडूच्या माळा, सगळीकडे उदबत्तीचा वास आणि त्याच्याखाली ऑइलचा. तिथे मी पहिल्यांदा बस होण्याआधीची बस बघितली. नुसती चासी. पुढे इंजिन, स्टिअरिंग, एक सीट, मागे दोन लांब लोखंडी बीम आणि चाकं, बस्स. आपल्याकडे जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर ज्यांनी पूर्वी प्रवास केलाय त्यांना आठवेल, अशा उघड्या चासी घेऊन ड्रायव्हर यायचे, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, डोळ्यांवर गॉगल, ना काच ना छप्पर, आणि शेकडो किलोमीटर असेच आलेले. लेलँडची असो नाहीतर टाटाची, ती चासी दापोडीत शिरायची आणि बाहेर पडताना लालपरी होऊन पडायची. मधलं सगळं काम आपल्या माणसांच्या हातचं. आधी उभे खांब, मग छताच्या कमानी, मग सांगाड्यावर पत्रे. मामा सांगायचा रिव्हेट मारायला दोघं लागतात, एक बाहेरून ठोकणार आणि दुसरा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरणार, आणि आतल्याचा हात जरा जरी ढिला पडला तरी रिव्हेट तिरकी बसते, मग ती फोडून परत. दोघांनी एकमेकांचं तोंडही दिसत नसताना नुसत्या आवाजावर ताल धरायचा. एका गाडीत असे किती ठोके असतील, मोजायचा प्रयत्न केला होता मी त्या दिवशी, एका खिडकीपर्यंतच जमलं.

मामानेच मला नंबर वाचायला शिकवलं. एमएच १४ बीटी दिसलं की आपली दापोडीची, एमएच २० बीएल म्हणजे औरंगाबादच्या चिकलठाण्याची (आता छत्रपती संभाजीनगर), एमएच ४० असेल तर नागपूरची, हिंगण्याची. तीन वर्कशॉप, आणि गाडी कुठेही धावत असो, सावंतवाडीला नाहीतर गडचिरोलीला, पाटी वाचून तिचं माहेर सांगता येतं. आजही स्वारगेटला उभा असलो की माझे डोळे आधी नंबर प्लेटवर जातात. माझ्या मुलीलाही ती सवय लागली आहे.

आता थोडा इतिहास, कारण तुमच्याच घरातला असला तरी नवीन लोकांना तो माहीत नसतो असं मला खूपदा दिसलंय. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-नगर मार्गावर धावली. किसन राऊत चालक, लक्ष्मण केवटे वाहक. गाडी बेडफर्डची, तीस सीटची, बॉडी लाकडाची, सीटमध्ये काथ्या. आणि रंग लाल नव्हताच! निळी होती ती, वरचा भाग चंदेरी. तेव्हा महाराष्ट्र राज्यसुद्धा झालेलं नव्हतं, मुंबई राज्य होतं. १९५० साली केंद्राचा मार्ग परिवहन महामंडळ कायदा आला, मग मुंबई राज्याचं महामंडळ झालं आणि १९६० नंतर ते आपलं आत्ताचं महामंडळ. सुरुवातीच्या वर्षांत ताफ्यात कसल्या कसल्या गाड्या होत्या बघा, शेवरोले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट. प्रत्येकीचे स्पेअर पार्ट वेगळे, प्रत्येकीचा पाना वेगळा. ज्या मेकॅनिकांनी हे सगळं सांभाळलं त्यांना मनापासून नमस्कार.

माझी त्या काळातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे नीलकमल आणि गिरीआरोहिणी. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मॉरिस कमर्शियलच्या चासीवर या दोन आराम गाड्या बांधल्या होत्या, पुणे-महाबळेश्वर धावायच्या. दोन-दोन सीट, खिडक्यांना पडदे, हिरवट काचा, आणि आत चक्क घड्याळ! नावं बघा ना काय सुंदर ठेवलीयेत. गिरीआरोहिणी, म्हणजे डोंगर चढणारी. पसरणीचा घाट चढणाऱ्या गाडीला याच्यापेक्षा चांगलं नाव सुचेल का कुणाला? पुढे शिवनेरी, हिरकणी, विठाई, शिवाई ही नावं आली, सगळी आपल्या मातीतली, पण बसला मायेने नाव द्यायची रीत या दोघींपासूनची आहे असं मी मानतो.

बॉडीचा प्रवास तर पुस्तक लिहावं असा आहे. आधी लाकूड. मग मजबुतीसाठी पूर्ण पोलादी बॉडी आणि काथ्याऐवजी गादीच्या सीट. मग लक्षात आलं की कोकणात खारी हवा पोलाद खाऊन टाकते, रत्नागिरी-मालवणकडच्या गाड्या गंजायला लागल्या, म्हणून १९६० च्या सुमारास ॲल्युमिनियम आलं, आणि त्याच सुमारास निळा-चंदेरी जाऊन लाल रंग आला. म्हणजे आपण जिला लालपरी म्हणतो ती खरी ॲल्युमिनियमबरोबर जन्मलेली. सीट तीसच्या पंचेचाळीस झाल्या, पंचेचाळीसच्या चोपन्न झाल्या. चासी बदलत गेल्या, इंजिन बदलली, दिवे गोलाचे चौकोनी झाले, पण ती ठेवण, तो लाल रंग, पत्र्यांची ती जोडणी, वर सरकणाऱ्या काचा, मागे टपावर जायची शिडी, हे जवळजवळ अर्धं शतक टिकलं. जगात एखादं मॉडेल वीस वर्षं चाललं तरी लोक कौतुक करतात. आपली तर आजोबांनी जिच्यातून लग्नाचं वऱ्हाड नेलं तिच्यातूनच नातू एमपीएससीच्या पेपरला गेला. आणि मग २०१८ च्या सुमारास परत पोलाद, म्हणजे माइल्ड स्टील, कारण अपघातात ॲल्युमिनियमचा पत्रा फाटतो आणि पोलादी सांगाडा माणसाला जास्त वाचवतो. हा निर्णय योग्यच होता, माझं त्याबद्दल काहीच म्हणणं नाही, जीव आधी. फक्त त्या निर्णयाबरोबर रिव्हेटवाली गाडी बांधायची थांबली आणि हातात ती कला असलेली माणसं आता एकेक करून रिटायर होतायत.

त्यात आता तर तयार बांधलेल्या गाड्या येतायत. २०२४ मध्ये अशोक लेलँडला २१०४ वायकिंग बसची ऑर्डर गेली, पूर्ण बांधून येणाऱ्या. नवीन गाड्या हव्यातच, खेड्यापाड्यातली माणसं तासन्‌तास स्टँडवर ताटकळतात, त्यांच्यासाठी दोन हजार काय चार हजार आणा. पण बॉडी कंपनीतून बांधून आली की "ही आमच्या दापोडीची" हे म्हणणं हळूहळू संपणार, म्हणून म्हणतोय हीच वेळ आहे.

एशियाडचं वेगळं सांगायला हवं. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले, नोव्हेंबर-डिसेंबरात. त्या निमित्ताने निमआराम गाड्या आल्या आणि खेळ संपल्यावर दादर-पुणे मार्गावर असं काही नाव काढलं त्यांनी की खेळात कुणाला किती पदकं मिळाली हे लोक विसरले, पण एशियाड हा शब्द मराठीत बसचं नाव म्हणून कायमचा बसला. आमच्या गल्लीतल्या आज्जींना ऑलिम्पिक माहीत नव्हतं, एशियाड माहीत होती, "सहाची एशियाड धरते आणि दुपारपर्यंत लेकीकडं पोचते" असं म्हणायच्या. दोन-दोन सीट, मान टेकायला जागा, उभे प्रवासी नाहीत. तेव्हा एक्सप्रेसवे नव्हता, तो पूर्ण व्हायला २००२ उजाडलं, त्याच्या आधी सगळा प्रवास जुन्या रस्त्याने, लोणावळा-खंडाळा, मग घाट उतरताना ब्रेकचा तो फुस्स फुस्स आवाज, एखादा ट्रक बंद पडला की गाडी घाटातच तासभर. नोकरीच्या पहिल्या इंटरव्ह्यूला मी एशियाडने गेलो होतो, इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून मी दादरपर्यंत पाठ टेकवली नाही आणि शेजारचे काका शेवटी न राहवून म्हणाले, अरे टेक की, त्याचेच जास्त पैसे दिलेत आपण. पुढे व्होल्वोची शिवनेरी आली, मग शिवशाही, एशियाडचं हिरकणी झालं. रायगडाचा कडा रात्री उतरणाऱ्या आईचं नाव घाटातून जाणाऱ्या गाडीला, छानच आहे. तरी स्टँडवर विचारताना माझ्या वयाचा माणूस आजही एशियाडच म्हणतो.

आता डब्याचं सांगतो. १९८९ ते ९२ मी पुण्यात शिकत होतो, खोली घेऊन राहायचो. मेसचे पैसे परवडत नव्हते. आई पहाटे चारला उठून डबा करायची, चार पुडाचा स्टीलचा डबा, कापडी पिशवीत घालून वरून सुतळीने बांधलेला, आणि पिशवीला पत्र्याची एक छोटी पाटी, तिच्यावर ऑइलपेंटने माझं नाव आणि "शिवाजीनगर स्टँड". दादा सायकलवरून फाट्यावर जाऊन पहिल्या गाडीत द्यायचे. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाचं बॉनेट असायचं, गाडीच्या आतच, त्याच्यावर रेक्झिनचं जाड कव्हर. तिथे डबे मांडलेले असायचे, माझा एकट्याचा नाही, सात-आठ तरी. नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण, भोसरी करत गाडी नाशिक फाट्यावरून दापोडीत यायची, म्हणजे जिथे ती बांधली त्या वर्कशॉपच्या भिंतीजवळून, मग हॅरिस ब्रिज आणि शिवाजीनगर. तीन तास इंजिनाच्या गरमीवर बसलेला डबा उघडला की भाकरी मऊ, मासवडीचा रस्सा कोमट, थंडीच्या दिवसात तर त्या डब्याला नुसते हात लावून बसायचो आम्ही पोरं. कुठल्या ड्रायव्हरने कधी एक पैसा मागितला नाही. एकदा मला तापामुळे स्टँडवर जाता आलं नाही तर वाहक काकांनी डबा कंट्रोलरच्या टेबलावर ठेवला, आणि परतीच्या गाडीने गावात निरोप दिला की पोरगं आज आलं नाही, बघा. दुसऱ्या दिवशी दादा दारात उभे. तेव्हा आमच्या घरी फोन नव्हता. एसटीच आमचा फोन होती.

ही गोष्ट माझ्या एकट्याची नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पुण्यात शिकलेली एक आख्खी पिढी त्या बॉनेटवरच्या डब्यावर जगलीये. टपाल, वर्तमानपत्रं, औषधं, हेही त्याच गाडीतून गेलं. "गाव तेथे एसटी" हे तुम्ही भिंतीवर लिहिलंत ते आम्ही अनुभवलंय.

म्हणूनच सांगतो, गाडी जपायची तर नुसता सांगाडा रंगवून चौथऱ्यावर उभा करू नका. तसं केलं की दोन पावसाळ्यांत तिच्यात कावळे राहतात. आतलं सगळं पाहिजे. बॉनेट पाहिजे रेक्झिनच्या कव्हरसकट. दोरी पाहिजे, एक घंटी थांबा दोन घंट्या चला, पोरांना ओढून बघू द्या. पत्र्याची तिकिटांची पेटी पाहिजे, रंगीत तिकिटांच्या गड्ड्या आणि तो चिमटा, ज्याचा टक टक आवाज ऐकला की झोपलेला माणूस खिशात हात घालायचा. रुटची पाटी हाताने रंगवलेली हवी, "मार्गे" हा शब्द असलेली, कारण "मार्गे" वाचूनच आम्ही महाराष्ट्राचा भूगोल शिकलो, शाळेत नंतर. आणि ती गाडी सुरू झाली पाहिजे. लेलँडचं इंजिन सुरू होताना सगळ्या खिडक्या जो एक थरार धरतात तो नसेल तर ती लालपरी नाहीच.

याच्या जोडीला दोन कामं आहेत जी पैशाने नाही, वेळेत केली तरच होतील. बॉडीचे जुने ड्रॉइंग, साचे, पत्रे कापायच्या पट्ट्या जे काही वर्कशॉपमध्ये कपाटात किंवा रॅकवर पडलं असेल ते एका जागी आणा. आणि मामासारखी जी माणसं आहेत त्यांना बोलवा, चहा पाजा, कॅमेरा लावा आणि बोलू द्या. मामा आता ऐंशीच्या पुढे आहे. मी त्याला विचारलं रिव्हेट कशी मारायचात तर तो उठला, भिंतीला हात लावला आणि दोन्ही हातांनी करून दाखवलं, कोपर कसं, खांदा कसा, श्वास कधी सोडायचा. हे कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेलं नसणार.

जागेचं म्हणाल तर दापोडीसारखी जागा नाही. मुंबईत बेस्टने आणिक डेपोत स्वतःचं म्युझियम केलंय. २०२३ च्या सप्टेंबरात बेस्टची शेवटची जुनी डबल डेकर निघाली तेव्हा लोक फुलं घेऊन आले होते, ती ठेवा ठेवा म्हणून मागणी झाली. आपल्या पुण्यात कर्वे रोडला छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, पोरं रांग लावून बघतात. नगरला रणगाड्यांचं म्युझियम आहे. पुणे आणि नगर, पहिल्या एसटीची ही दोन टोकं, आणि दोन्हीकडे चाकांवर प्रेम करणारी माणसं आहेत. "वारी लालपरीची" हे फिरतं प्रदर्शन निघालं तेव्हा त्याला जी गर्दी झाली त्यावरून तुम्हालाही अंदाज आलाच असेल. शिवाजीनगरचं जुनं स्टँड २०१९ च्या शेवटी मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हललं, तिथलं बाकडं, तिथली चौकशीची खिडकी, काहीच आता बघायला मिळत नाही. स्टँड गेलं, निदान गाडी तरी राहू दे.

१ जूनचं म्हणणं एवढ्यासाठी की ते तुम्ही एकदा केलंय. २०२२ च्या १ जूनला पहिली इलेक्ट्रिक शिवाई तुम्ही मुद्दाम पुणे-नगर मार्गावरच सोडलीत, चौऱ्याहत्तर वर्षांनी त्याच रस्त्यावर. मला त्या दिवशी खूप अभिमान वाटला होता. आता फक्त तिच्या मागे एक जुनी लाल गाडी असू दे. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, सुपा, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं थांबू दे. तिकीट लावा, आम्ही काढू. आणि त्या गाडीवर एक दिवसाची ड्यूटी रिटायर झालेल्या वाहकांना द्या, बघा कसे इस्त्री केलेल्या खाकीत हजर होतील.

माझ्याकडून एक गोष्ट देण्यासारखी आहे. डबा कधीच गेला, पण पत्र्याची ती पाटी आईने देव्हाऱ्याच्या खणात ठेवली होती, आई गेल्यावर मला सापडली. ऑइलपेंट उडालाय, माझं नाव अर्धंच वाचता येतं, "शिवाजीनगर स्टँड" मात्र नीट दिसतं. ती मला त्या गाडीच्या बॉनेटवर ठेवायची आहे. दापोडीच्या कुठल्या गेटला, कुणाकडे आणून देऊ, तेवढं कळवा. मामालाही घेऊन येईन.

आपला,
जुन्नरच्या पहिल्या गाडीचा एक प्रवासी
पुणे